गाडीच्या दारातली थरथर

भावोजी,

तुम्हाला ऐकू येत नव्हतं, हे मला तुम्ही गेल्यावर चौथ्या दिवशी कळलं. ताईनं सांगितलं. ओट्याशी पाठमोरी उभी राहून, चहाच्या आधणाकडे बघत ती म्हणाली, "त्यांना गेली सहा-सात वर्षं नीट ऐकू येत नव्हतं गं. डाव्या कानानं तर काहीच नाही." मी म्हटलं, "काहीतरीच काय बोलतेस!" ती वळलीसुद्धा नाही. तेव्हा मला कळलं की हे खरं आहे.

मी लखनौ विद्यापीठात मुलांना ध्वनी शिकवते. कानाची आकृती मी फळ्याकडे न बघता काढू शकते. आणि दर रविवारी माझ्यासमोर बसून जेवणारा माणूस बहिरा होत चाललाय, हे मला दिसलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. पण एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. ताई पुढं म्हणाली, "गाडीत ते कोपर दारावर टेकवून ऐकायचे. तबला हातात येतो म्हणायचे."

ते दार मी मुकं केलं. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, हौसेनं, पदरच्या आठ दुपारी खर्च करून. तुमच्याजवळ गाणं ऐकायला जी एक जागा उरली होती, तिच्यावर मी डांबरी शीट चिकटवली आणि वर तुमच्याकडून शाबासकी घेतली. त्याबद्दल मला तुमची क्षमा मागायची आहे, आणि ती कशी मागायची हे मला अजून नीट कळलेलं नाही. तेरा दिवस झाले. तुमच्या खुर्चीवर ताईनं शाल घालून ठेवली आहे, म्हणजे कुणी चुकून बसू नये.

मला तुमचा रागही आलाय, हेही सांगून टाकते. का नाही सांगितलंत? ताई म्हणते, नोकरीसाठी. हवाई दलात सत्तावीस वर्षं विमानांच्या इंजिनांशेजारी उभं राहून कान गेले, आणि निवृत्तीनंतर अमौसीच्या विमानतळावर विमान कंपनीत जे काम मिळालं तिथं दरवर्षी तपासणी. ती तुम्ही कशी पार पाडत होतात, देव जाणे. ताईला तुम्ही शपथ घातली होतीत: "कुणाला बोलायचं नाही. तुझ्या बहिणीला तर मुळीच नाही. ती मला उचलून प्रयोगशाळेत नेईल आणि टेबलावर ठेवेल." हे सांगताना ताई हसली आणि मग रडायला लागली. खरं आहे, नेलंच असतं.

आता एकेक आठवतं. फोन वाजला की तुम्ही म्हणायचात, "तूच घे गं." जेवताना तुम्हाला नेहमी माझ्या समोरची जागा हवी असायची, शेजारची कधीच नाही. वीज गेली की तुम्ही एकदम गप्प व्हायचात आणि इंदिरा नगरात वीज काही कमी वेळा जात नाही. मी समजायची, तुम्ही वीज खात्यावर चिडलात. अंधारात तुम्हाला आमचे ओठ दिसत नव्हते, म्हणून तुम्ही गप्प बसत होतात.

आणि ती गाडी. निवृत्तीनंतर घेतलेली, दुसऱ्याच्या हातची, पांढरी. तिच्यात तुम्ही तिच्या ऐपतीबाहेरचा स्टिरिओ बसवून घेतलात. पुढच्या दोन्ही दारांत एकेक स्पीकर, मागच्या काचेखालच्या फळीत दोन मोठे. नाट्यगीतं, गझला आणि तबल्याच्या त्या तीन कॅसेटी. तुम्ही आवाज वाढवला की डिकीचं झाकण खडखडायचं, नंबरप्लेट गुणगुणायची, दारातल्या कुलपाच्या सळया किणकिणायच्या, ॲशट्रे वेगळीच कुरकुर करायची. शेजारचे श्रीवास्तवजी मोठ्या अदबीनं म्हणाले होते, "भाई साहब, आपसे पहले आपकी डिग्गी तशरीफ़ ले आती है." तुम्ही हसून मान हलवलीत. त्यांचं बोलणंही तुम्हाला अर्धंच समजलं असेल.

आपलं भांडण तेव्हापासूनचं. मी म्हणायची, आवाज कमी करा, निम्मी खडखड तिथंच जाईल. तुम्ही म्हणायचात, "गाणं ऐकायचं तर ऐकायचं, नाहीतर बंद ठेवायचं. आणि कसली खडखड? मला तर काही येत नाही." मी ताईकडे बघून कपाळावर हात मारायची. एकदा तर मी म्हटलं, "तुम्हाला इंजिनाशिवाय काही ऐकूच येत नाही." सगळे हसले. तुम्हीही हसलात. ते वाक्य मी आता परत घेते, पण परत घेऊन ठेवू कुठं?

पत्र्याची किणकिण बारीक, उंच सुरातली असते. मोठ्या आवाजानं ज्यांचे कान जातात, त्यांचा आधी तोच भाग जातो. हे मी वर्गात शिकवते. माझ्या वहीत ते लिहिलेलं आहे. एक माणूस कानीकपाळी ओरडणाऱ्या खडखडीबद्दल मला शपथेवर सांगतो की ती नाहीच, आणि मला वाटतं तो हट्टी आहे.

मग दिवाळीच्या सुट्टीत मी पदर खोचला. प्रयोगशाळेतल्या यंत्रावरून एक कॅसेट भरून आणली. तिच्यात गाणं नव्हतं, नुसता एक सूर, खर्जातून हळूहळू वर चढत जाणारा. गाडीच्या कोणत्या भागाला कुठल्या सुरावर कापरं भरतं ते त्यावरून शोधायचं. ताईकडून वाटीभर रवा घेतला आणि टपावर पसरला. सूर चढू लागला तसा मधला रवा उड्या मारायला लागला आणि बघता बघता बाजूला सरकून रेघा धरून बसला. जिथून रवा पळाला तिथला पत्रा थरथरतोय, मी तुम्हाला समजावलं. तुम्ही टपावर वाकून, हात मागं बांधून, बघत राहिलात. मग म्हणालात, "पुन्हा लाव."

मी पुन्हा लावली. तुम्ही तिसऱ्यांदा लावायला सांगितलीत. आतून ताई ओरडली की रवा शिऱ्यासाठी होता, टपावर उधळायला नाही. मला वाटलं, वयाबरोबर माणूस पोर होतो. अहो, आवाज दिसत होता तुम्हाला. कितीतरी वर्षांनी एक आख्खा सूर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, तुमच्यासमोर रव्यातून चालत गेला होता.

दुसऱ्या दिवशी आपण नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं जाड कापड, आणायला चौकच्या जुन्या बाजारात गेलो. ॲशट्रेखाली, फळीच्या कडेला, जिथं पत्रा पत्र्याला लागतो तिथं घालायला. गल्लीत रिक्षा अडली म्हणून उतरून चालत निघालो. तुम्ही पुढं, मी मागं. दुकान मागं राहिलं म्हणून मी तुम्हाला हाक मारली. तीनदा मारली. तुम्ही चालतच राहिलात, आणि एका रिक्षाचं हँडल तुमच्या खांद्याला घासून गेलं तेव्हा थांबलात. मी भर बाजारात तुमच्यावर तोंड टाकलं. तुम्ही म्हणालात, "तुझा आवाजच बारीक." मी रुसले. तुम्ही द्रोणातून मलाई मक्खन आणून हातात दिलंत तेव्हा कुठं बोलले. रुसायचं कारण नव्हतं हो. घाबरायला हवं होतं.

काम मात्र मी चोख केलं, त्याची आता लाज वाटते. नंबरप्लेटमागं सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या. कुलपाच्या सळयांना कापडी टेप. डिकीच्या कडेला रबर. तुम्ही शेजारी स्टुलावर बसून स्क्रू हातात देत होतात आणि वाद घालत होतात. तुमचं म्हणणं, जे वाजतं ते सुटलेलं असतं. शोधायचं आणि आवळायचं. ही चिकटवाचिकटवी कशाला? माझं म्हणणं, स्क्रू सगळे आवळले तरी पातळ पत्रा स्वतःच ढोलासारखा वाजतो, त्याच्या अंगावर वजन चिकटवल्याशिवाय तो गप्प बसत नाही. "मग वाजू दे की त्याला," तुम्ही म्हणालात. "वाजतो तर वाजू दे." इतकं सरळ सांगितलं होतंत तुम्ही. यापेक्षा जास्त सांगणं तुमच्या स्वभावात नव्हतं.

शीट लावायला स्टिरिओवाले मुन्ने भाई आले. डांबराच्या जाड शीट शेगडीवर गरम करून पत्र्यावर बसवायच्या आणि लाकडी लाटणं फिरवून दाबायच्या. डिकी झाली, फळी झाली, डावं दार झालं. उजव्या दाराचं अस्तर उघडून ते थांबले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "मैडम, इजाज़त हो तो एक बात अर्ज़ करूँ? साहब की तरफ़ वाला रहने दीजिए. उनका हाथ यहीं टिका रहता है. जब से गाड़ी आई है, देख रहा हूँ. थरथराहट का मज़ा लेते हैं."

मी म्हटलं, "मुन्ने भाई, आधा काम करके छोड़ना हमारे यहाँ नहीं चलता."

त्यांनी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही आमचे ओठ बघत होतात की नाही, मला आठवत नाही. पण तुम्ही हात उडवून म्हणालात, "मैडम जैसा कहें." आणि आत निघून गेलात, पाणी प्यायला म्हणून. शीट बसली. तुम्ही परत आलात तेव्हा अस्तर लावून झालं होतं.

एका मेकॅनिकला दिसलं ते मला दिसलं नाही. त्याच्यापाशी ध्वनीची पदवी नव्हती, तो फक्त तुमच्याकडे बघत होता.

त्या संध्याकाळी चक्कर मारून आल्यावर तुम्ही म्हणालात, "उत्तम. विमानात बसल्यासारखं वाटतं." मी ते विद्यापीठात चार जणांना सांगितलं. पुढं तुम्ही स्टिरिओ हळू लावायला लागलात, मग बरेचदा लावेनासेच झालात. मी ताईला म्हटलं, "बघ, सुधारले की नाही?" ताई उठून चहा टाकायला गेली. मी पुन्हा विचारलं नाही.

परवा नितीन म्हणाला, "मौसी, पापा की गाड़ी मैं कानपुर ले जाऊँ? माँ तो चलाती नहीं." तुमच्या लेकाला मराठी सगळं कळतं, पण दुःख तो हिंदीतच करतो. मी म्हटलं, "घेऊन जा, पण एक दिवस थांब." काल दुपारी तो बाहेर गेला होता तेव्हा स्क्रू ड्रायव्हर घेऊन मी गाडीशी गेले. मला ती शीट काढायची होती. का ते मला विचारू नका. कुणासाठी तेही नका विचारू.

उजव्या दाराच्या अस्तराचे स्क्रू सोडवले, पुठ्ठा बाजूला केला आणि हात तसाच राहिला. शीटच्या मधोमध, बरोबर कोपर टेकतं त्या उंचीवर, खरवडलेलं होतं. तळहाताएवढा भाग. सुरीचे ओरखडे, उभे, आडवे, पुन्हा उभे. शीट निघाली नव्हती. फक्त एका ठिकाणी, रुपयाएवढा, पांढरा पत्रा उघडा पडला होता. थंडीत ते डांबर दगड होतं, भावोजी. गरम केल्याशिवाय निघत नाही. मला विचारलं असतंत तर ताईची इस्त्री फिरवून मी दहा मिनिटांत काढून दिलं असतं. पण मला विचारायचं म्हणजे मला सांगायला हवं होतं.

मी ताईला हाक मारली. ती आली, बघितलं, आणि खाली पायरीवर बसली. तिलाही ठाऊक नव्हतं. मग तिला आठवलं. डिसेंबरात एका दुपारी तुम्ही लोण्याची सुरी घेऊन गाडीकडे गेलात. तिनं विचारलं तर म्हणालात, काच नीट वर चढत नाही. तासभर दार उघडं टाकून बसला होतात. "मग सोडलं का मध्येच?" मी विचारलं. ताई माझ्याकडे बघून म्हणाली, "तू आलीस ना."

मी आले होते. न सांगता, पेपर तपासून कंटाळले म्हणून. फाटकातून येताना तुम्ही घाईघाईनं शेवटचा स्क्रू आवळत होतात. बोटं काळी होती. मी म्हटलं, "हे काय?" तुम्ही म्हणालात, "ग्रीस." माझ्या मेहनतीची मोडतोड करताना मी तुम्हाला पकडू नये, म्हणून तुम्ही अस्तर लावून टाकलंत. पुन्हा कधी उघडलं नाहीत. ताई म्हणते, "दिवाळीत तू रोज यायचीस ना, त्यांना फार बरं वाटायचं. म्हणायचे, हिला कुठंतरी कौतुक मिळू दे."

त्या दिवशी तुम्ही मला सोडायला निघालात. कॅसेट लावलीत, अगदी हळू, मला आवडतं तशी. गाडी खरंच गप्प होती. नदीच्या पुलापर्यंत मी माझ्याच कामाची वाखाणणी करत होते आणि तुम्ही माना डोलवत होतात. पुलावर गर्दीत गाडी थांबली. ती शांतता मला अवघड वाटली असेल, किंवा सोपी वाटली असेल. इतक्या वर्षांत जे कधी जमलं नव्हतं ते मी त्या वेळी बोलले. तुमच्याकडे बघून बोलायची लाज वाटली म्हणून खिडकीबाहेर बघत बोलले, हळू आवाजात. तुमच्या डाव्या हाताला बसून. तुम्ही समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणालात, "हो, हो. अगदी." मला वाटलं, पोचलं. मी फार हलकं वाटून घरी गेले.

काल त्या पायरीवर ताईशेजारी बसल्यावर मला कळलं की ते तुमच्यापर्यंत गेलंच नाही. तुमचं "हो, हो" मी आता ओळखते. काही कळलं नाही की तुम्ही ते म्हणत होतात.

दाराचं अस्तर मी तसंच परत लावलं. शीट काढली नाही. तुमच्या हाताचे ओरखडे आहेत तिथं, ते मी कशी पुसू? नितीन आज सकाळी गाडी घेऊन गेला. त्याला काही सांगितलं नाही. तोही उजवं कोपर दारावर टेकवूनच गेला.

लिहिलेलं तुम्हाला नेहमी समजायचं. माझी पत्रं तुम्ही दोनदा वाचायचात, असं ताई म्हणते. म्हणून त्या दिवशी पुलावर काय बोलले ते लिहिते, तुमच्याकडे तोंड करून. मी म्हटलं होतं: बाबा गेले तेव्हा मी अठरा वर्षांची होते, आणि सगळे माझ्या लग्नाचं बघत होते. तुम्ही एकटे साताऱ्याला आलात आणि म्हणालात, ही शिकेल, मी हिला लखनौला नेतो. त्या दिवसापासून मला बापाची उणीव भासली नाही. माझं शिक्षण, माझी नोकरी, माझं एकटीनं ताठ राहणं, सगळं तुमचं आहे. तुम्ही होतात, म्हणून मी आहे.